बुजवलेली भेग

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगराखाली ती घडली त्या डोंगराचा आकारसुद्धा आता तो राहिलेला नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसं राबतात अशा थोरांनी तर जरूर ऐकावी.

एका राज्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. अर्धी घरं डोंगराला चिकटून, वरच्या आळीत. अर्धी खाली, ओढ्याच्या पलीकडे. शेती बेताचीच होती. पण गावात कौलांचा कारखाना होता, आणि त्यावर सगळ्या गावाच्या चुली पेटत होत्या. कारखान्याच्या मालकाचं नाव हैबती कुंभार.

हैबती चांगला मालक होता. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झालं ते एखाद्या दुष्ट माणसाच्या हातून झालं असतं, तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती.

त्याच्या कारखान्यात बाळंतीण बाईला तीन महिने घरबसल्या धान्य मिळे. हात थकलेल्या म्हाताऱ्यांना कौलं उन्हात मांडायचं हलकं काम मिळे. माती तो तळ्यातली घेई. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ काढायचा. कौलं होतात आणि तळंही खोल होतं. भट्टीला जळण वाळलेलं. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. ही त्याच्या वडिलांची शिस्त होती आणि ती मोडावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एका वर्षी होळीनंतर राजधानीत आग लागली. गवताची छपरं एकामागून एक पेटत गेली आणि अर्धं शहर उघड्यावर आलं. आठच दिवसांत राजाचा कारभारी घोड्यावरून गावात आला.

"मृगाच्या आत दोन लाख कौलं हवीत," तो म्हणाला. "महाराजांचा हुकूम आहे. माणसं पोराबाळांसह झाडाखाली बसलीत."

हैबतीने हात जोडले. "हुकूम मान्य आहे सरकार. पण तळ्यात एवढी माती नाही."

कारभाऱ्याने डोंगराकडे बोट केलं. "मग ही काय आहे?"

"त्याच्या पायाशी आमची घरं आहेत, सरकार."

"तुला जमत नसेल तर सांग. उद्या कारखाना दुसऱ्याच्या हवाली करतो. तो तर खणेलच. शिवाय तुझी माणसं ठेवेल की नाही, कुणास ठाऊक."

खरं सांगायचं तर हैबतीची पहिली भीती तिथेच जन्मली. आपण नाही म्हटलं तरी डोंगर वाचणार नाही, आणि माणसंही जातील. राजधानीतली पोरं झाडाखाली बसलेली त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीच्या शेजारी, डोंगराच्या पायाला पहिली कुदळ बसली. माती तांबडी, चिकट, कौलासाठी अगदी तयार. लोकांना आनंद झाला. तळ्यावरून माती वाहून आणायचे कष्ट वाचले. मग भट्ट्यांना जळण कमी पडू लागलं, आणि हैबतीने मान खाली घालून उभ्या झाडांवर कुऱ्हाडी चालवायला सांगितलं. महिन्याभरात गावावरचा उतार भादरलेल्या डोक्यासारखा दिसू लागला.

त्यानंतर एकेक गोष्ट घडू लागली. प्रत्येक गोष्ट इतकी लहान होती, की ती बोलून दाखवायची लाज वाटावी.

वरच्या आळीतली एक बाई म्हणाली, "मालक, माझं दार लागत नाही. काल लागत होतं." हैबतीने सुतार पाठवून दार तासून दिलं. आठवड्यात ते पुन्हा अडकलं, आणि शेजारचंही.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गढूळ येऊ लागलं.

उतारावर राहिलेली चार झाडं गावाकडे कलली. वारा नसताना.

कुणीतरी म्हणालं, वरच्या आळीतली कोंबडी खुराड्यात जात नाहीत. त्यावर लोक हसले, पण हसू लवकर थांबलं.

कारखान्यात भिकाई नावाची म्हातारी होती. चाळीस वर्षं तिने माती खणली होती. हैबतीला तिने कडेवर खेळवलं होतं आणि त्यामुळे गावात त्याला अरे-तुरे करणारी ती एकटीच उरली होती. तिचा मुलगा इसुबा खणणाऱ्यांचा म्होरक्या होता.

एका दुपारी ती हैबतीजवळ आली. "चल माझ्याबरोबर. कुणाला सांगू नकोस."

ती त्याला उतारावर खूप वर घेऊन गेली. तिथे जमिनीत एक भेग होती. बोटभर रुंद. पण तिची लांबी एका नजरेत मावेना. भेग विळ्यासारखी वळत गेली होती आणि तिची दोन्ही टोकं खाली उतरत होती. त्या विळ्याच्या पोटात अख्खी वरची आळी होती, खाण होती आणि तिन्ही भट्ट्या होत्या.

भिकाईने एक खडा उचलला आणि भेगेत सोडला. दोघं कान देऊन उभी राहिली. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही.

"हैबती," ती म्हणाली, "डोंगर सुटलाय बाबा."

हैबतीने आभाळाकडे पाहिलं. "पावसाला अजून महिना आहे, मावशी. पावसाशिवाय डोंगर येत नाही. आठ दिवसांत शेवटची भट्टी निघेल. मग खणणं बंद. मी स्वतः दगडांचा बांध घालीन. तोवर कुणाला बोलू नकोस. माणसं घाबरली तर काम टाकून पळतील."

"आणि मी घाबरलेय, त्याचं काय?"

"आठ दिवस, मावशी. एवढं ऐक माझं."

भिकाई पदराने तोंड पुसून खाली निघाली. ती कुणाशी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं भाकरीला बसली, तेव्हा हैबती एकटाच ओल्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन वर गेला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. त्याने भेगेत माती भरली, थापीने चोपली, ओल्या हाताने गुळगुळीत केली आणि वरून पाला पसरला. आयुष्यात त्याने एकही कौल इतक्या निगुतीने थापलं नव्हतं. काम झाल्यावर भेग दिसेनाशी झाली, आणि त्याला क्षणभर खरंच वाटलं की ती नाहीच.

खाली उतरताना माणसांनी विचारलं, "मालक, वर काही भ्यायचं कारण नाही ना?"

"काही नाही," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आभाळ अचानक काळवंडलं. सकाळपर्यंत कुणी गारांची कल्पनाही केली नव्हती. संध्याकाळभर गारा कोसळल्या, त्यांच्या मागून पाऊस आला आणि पहाटेपर्यंत पडत राहिला. सकाळी मात्र लख्ख ऊन पडलं. माणसं कुदळी घेऊन खाणीच्या काठावर आली आणि तिथेच उभी राहिली. कुणीच खाली उतरेना.

इसुबा हैबतीकडे आला. "मालक, माती आज निराळी दिसतेय. भिंतीतून पाणी पाझरतंय. उतरायचं का?"

हैबतीने मान वर केली. इसुबाच्या मागे, पाटी हातात धरून भिकाई उभी होती. नुसती त्याच्याकडे बघत होती. मागे शेवटची भट्टी पेटलेली होती आणि तिच्या धुराचा वास येत होता. पाचच दिवस राहिले होते. फक्त पाच.

त्याला वाटलं, आता सांगावं. पण भेगेचं सांगायचं तर ती बुजवल्याचंही सांगावं लागणार होतं.

"उतरा," तो म्हणाला. "काही होत नाही."

इसुबा सगळ्यांच्या आधी उतरला.

उन्हं डोक्यावर यायच्या आत खाणीची एक भिंत बसली. फार मोठी नव्हे, एखाद्या गोठ्याएवढी. पाच माणसं ओरडत वर चढली. सहावा इसुबा. तो कंबरेपर्यंत गाडला गेला होता. माणसांनी हातांनी माती उपसली. भिकाई नखांनी माती ओरबाडत होती. इसुबाला वर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडलेला होता.

हैबती त्याच्याजवळ बसला. इसुबाने डोळे उघडले.

"तुमचं तोंड बघून उतरलो, मालक," तो हळूच म्हणाला. "तुमच्या तोंडावर भीती नव्हती."

हैबती उठला आणि डोंगराकडे धावत सुटला. वर पोचला तेव्हा त्याने भरलेली माती कुठेच नव्हती. भेगेने ती गिळली होती. आता भेगेत माणसाचा पाय गेला असता. आणि तिच्या अलीकडची, गावाकडची जमीन हातभर खाली बसली होती. तो वाकला. आतून दातांवर दात घासावेत तसा आवाज येत होता. मधूनच कट्कन काहीतरी तुटे. जमिनीखाली मुळं तुटत होती.

तो ओरडतच खाली आला. "घरं सोडा! ओढ्यापलीकडे चला! डोंगर येतोय!"

माणसं जमली. पण कुणी हललं नाही.

"मघाशी तर उतरा म्हणालात," एकजण म्हणाला.

"परवा काही नाही म्हणालात," दुसरा म्हणाला.

तिसरा पुढे आला. त्याचं घर वरच्या आळीत सगळ्यांत उंचावर होतं. "मला कळलं," तो म्हणाला. "खाण बसली, माती संपली. आता याला आमच्या घरांखालची माती हवीय. म्हणून हाकलतोय आम्हाला!"

गर्दीत गुरगुर उठली. ज्या दिवशी हैबती खोटं बोलला त्या दिवशी सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आज तो खरं सांगत होता, आणि एकही माणूस मानायला तयार नव्हता.

"वर भेग आहे," तो म्हणाला. "तीन दिवसांपूर्वीच होती. मला माहीत होती. मी माझ्या हातांनी ती बुजवली."

"आणि मी गप्प बसले," भिकाई म्हणाली. ती इसुबाचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसली होती. "हा पाय माझ्या गप्प बसण्याने गेलाय. तुम्ही तरी बसू नका इथे."

कुणीतरी हैबतीला दगड मारला. तो कपाळाला लागला. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडू लागलं. पण राग वेगळा आणि घर सोडणं वेगळं. घरात धान्य होतं, गुरं होती, अंथरुणाला खिळलेली माणसं होती. लोक एकमेकांकडे बघत घुटमळत राहिले. वरून दोन-चार धोंडे घरंगळत आले.

तेव्हा हैबतीने पहार उचलली आणि तो पेटलेल्या भट्टीकडे गेला.

भट्टीचं तोंड मातीने लिंपून बंद केलेलं असतं. आतली कौलं भाजून, हळूहळू निवेपर्यंत ते कुणी उघडत नाही. गार वारा आत शिरला तर सगळा माल फुटतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हैबतीने पहार घालून ते तोंड फोडलं. आगीचा लोळ बाहेर आला आणि त्याच्या भुवया होरपळल्या. तो मागे सरला नाही. त्याने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. वारा आत घुसला, आणि आत कौलं तडकू लागली. तड्, तड्, तडतड. हजारो कौलं.

त्या आवाजाने गाव जागचं हललं. शब्दांनी जे झालं नव्हतं ते त्या आवाजाने झालं. उगाच कुणी कुंभार आपली भट्टी फोडत नाही.

"चला!" वरच्या आळीतला तोच माणूस ओरडला, आणि आपल्या आईला पाठीवर घेऊन धावला.

मग सगळे धावले. इसुबाला बाजेवर घालून चौघांनी उचललं. हैबती घराघरांत शिरून म्हातारी माणसं बाजेसकट उचलून आणत होता. कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरत होतं. ज्याने दगड मारला होता तो बाजेची दुसरी बाजू धरून त्याच्याबरोबर पळत होता. गुरांची दावी सोडायला मात्र वेळ पुरला नाही. काहींची सुटली, काहींची राहिली.

शेवटची माणसं ओढा ओलांडत होती, तेव्हा डोंगरावरचे पक्षी एकदम उडाले. मग कलती झालेली चार झाडं उभ्याची उभी चालत खाली येऊ लागली. पहिला क्षणभर आवाजच नव्हता. आणि मग जो आवाज झाला तो ऐकलेली माणसं पुढे म्हातारी झाली, तरी भांडं पडलं की दचकत.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. वरची आळी नव्हती. भट्ट्या नव्हत्या. खाण नव्हती. तांबडी माती ओढ्याच्या काठापर्यंत येऊन थांबली होती. कुठेतरी आत एक गाय हंबरत होती. थोड्या वेळाने तीही थांबली.

माणूस एकही गेला नव्हता.

काही दिवसांनी कौलं न्यायला राजधानीच्या गाड्या आल्या आणि रिकाम्याच परतल्या. त्यांच्याबरोबर हैबतीला राजापुढे नेलं. भिकाई आणि गावातली माणसंही मागोमाग गेली.

राजाने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "कौलं आली नाहीत, त्याची शिक्षा तुला नाही. हुकूम माझा होता. डोंगराला किती सोसेल हे मी विचारलं नाही. पण भेग दिसली आणि तू ती लपवलीस, ते तीन दिवस कुणाचे?"

"माझे, महाराज," हैबती म्हणाला.

"मग शिक्षा काय देऊ?"

भिकाई पुढे आली. "महाराज, त्याला आमच्याकडेच द्या. पण मालक म्हणून नको. खणणारा म्हणून द्या. माझ्या पोराच्या जागेवर."

राजाने तसंच केलं.

राजधानीतल्या कितीतरी माणसांनी तो पावसाळा गळक्या गवताखाली काढला. त्यांनी हैबतीला शिव्या दिल्या. त्याही त्याला ऐकाव्या लागल्या.

गाव ओढ्यापलीकडे पुन्हा उभं राहिलं. कारखाना तळ्याच्या काठाला, मोकळ्या माळावर बांधला. जेवढा गाळ तेवढीच कौलं. राजाचा हुकूम आला तरी तेवढीच. उघड्या पडलेल्या उतारावर लोक दरवर्षी झाडं लावू लागले. लावताना कुणी वर बघत नसे आणि कुणी मोठ्याने बोलत नसे.

एका पायाचा इसुबा काठी टेकून तळ्याच्या काठावर बसे. "उतरा" म्हणायचा अधिकार आता त्याचा होता. आणि एक नियम सगळ्यांनी मिळून केला: काम करताना ज्याला भीती वाटेल त्याने ती बोलून दाखवायची, आणि तो बोलला की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं. पुरावा मागायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एके दिवशी गाळ खणता खणता हैबतीचा हात थांबला. काठावरून चार ढेकळं घरंगळली होती. बाकी काही नव्हतं. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे मन लावून काम करत होते. बोलायची त्याला फार लाज वाटली.

"इसुबा," तो तरीही म्हणाला, "मला भीती वाटतेय."

"मग वर ये," इसुबा म्हणाला. "सगळे वर या."

अर्धा दिवस काम बंद राहिलं. माणसांनी सगळा काठ पायांनी दाबून, पहारीने ठोकून पाहिला. काहीच सापडलं नाही. कुणी हसलं नाही. भिकाईने हैबतीला आपल्याजवळची अर्धी भाकरी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं पुन्हा तळ्यात उतरली.

बोध: धोक्याची भीती वाटणं हा दोष नव्हे, आपल्यावर विसंबलेल्या माणसांपासून ती लपवणं हा दोष, आणि त्याचा घाव आधी त्या माणसांवरच पडतो.